तट, बाजार आणि वाडा : चिनी शहराचे शब्द, सातारा-सांगलीच्या वाटेने

चिनी लिपीत मुळाक्षरे नाहीत, हजारो चिन्हे आहेत. मग एखाद्या शहरातील बँक, टपाल कचेरी, दवाखाना, न्यायालय, शाळा, पोलीस, कंडक्टर आणि महापौर एवढ्यांची नावे शिकायची म्हटली, तरी प्रत्येकासाठी वेगळे चिन्ह घोकावे लागते काय, असा प्रश्न या भाषेविषयी कुतूहल असणारा मराठी वाचक हमखास विचारतो. तसे करावे लागत नाही. चिनी शब्द बहुधा दोन-तीन चिन्हे शेजारी मांडून तयार होतो, त्यातील प्रत्येक चिन्हाला स्वतःचा अर्थ असतो आणि तेच चिन्ह दहा ठिकाणी पुन्हा वापरले जाते. एकाच भट्टीच्या विटांनी घर, विहीर आणि देवळाचा ओटा बांधावा, तसा हा प्रकार आहे. मराठीने आपली शहरे आणि आपल्या कचेऱ्या याच रीतीने शब्दांत बांधल्या. मात्र मराठी भिंतीला गिलावा चढल्यामुळे विटा दिसेनाशा झाल्या, तर चिनी भिंतीत त्या अजून उघड्या आहेत. सातारा आणि सांगली या दोन शहरांत जुने शब्द पाट्यांवर आणि आडनावांत भरपूर टिकून असल्यामुळे चिनी बांधकाम समजून घेण्यासाठी ती विशेष सोयीची आहेत.

१. आधी उच्चार

चिनी शब्द देवनागरीत लिहिताना मराठी वाचकाला एक फायदा फुकट मिळतो. चिनी भाषेत प आणि फ, त आणि थ, क आणि ख, च आणि छ या जोड्यांतील भेद केवळ श्वासाच्या झटक्यावर ठरतो आणि हा भेद मराठी मूल बाराखडीबरोबरच शिकलेले असते. रोमन लिपीत ज्या जागी 'बी' लिहितात, तिथे चिनी माणूस 'प' म्हणतो. म्हणून वर्तमानपत्रातील बीजिंग तेथील रहिवाशाच्या तोंडी 'पेइ-चिंग' असते. शिवाय 'चहा'तील च आणि 'चमचा'तील च हे दोन वेगळे ध्वनी मराठीत आहेत, तसे ते चिनीतही आहेत. या प्रकरणात चमच्यातला च दाखवण्यासाठी त्याखाली टिंब दिले आहे. 'शर्' असा जो उच्चार पुढे वारंवार येईल, त्यात जीभ मागे वळवून र अर्धवट गिळायचा असतो.

देवनागरीत उतरत नाही तो सूर. मराठीत 'हो' हा शब्द होकारासाठी, प्रश्नासाठी किंवा कंटाळ्याने वेगवेगळ्या सुरांत म्हणता येतो, पण शब्द तोच राहतो. चिनीत मात्र सूर बदलला की शब्दच बदलतो. 'युआन' हा उच्चार वर चढत्या सुरात केला तर 'सदस्य, कर्मचारी' असा अर्थ होतो, आणि चीनच्या चलनाचे नावही याच सुरात म्हटले जाते. तोच उच्चार वरून खाली सोडला तर 'अंगण, वाडा' असा अर्थ होतो. ही तिन्ही चिन्हे लिहिताना अगदी वेगळी दिसतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ उडत नाही. गोंधळ उडतो तो फक्त ऐकणाऱ्या परक्याचा.

२. शहर म्हणजे तट आणि बाजार

'शहर' हा शब्द फारसीतून आला आणि 'नगर' संस्कृतातून. आजच्या मराठी कानाला या दोहोंच्या पोटात काय आहे ते ऐकू येत नाही. चिनी शब्द 'छंग-शर्' असा आहे. छंग म्हणजे तट, शर् म्हणजे बाजार. तटाच्या चिन्हाची डावी बाजू माती दाखवते आणि उजवी बाजू उच्चार सुचवते, कारण जुने तट मातीचे थर चोपून उभारलेले असत. जगप्रसिद्ध चिनी भिंतीलाही चिनी लोक 'छांग-छंग', म्हणजे नुसता 'लांब तट' असेच म्हणतात.

तट आणि बाजार ही व्याख्या साताऱ्याला इतकी चपखल बसते की ती अजिंक्यताऱ्याकडे पाहून केली असावी असे वाटावे. १२ जानेवारी १७०८ रोजी छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला, आणि पुढे त्यांच्या कारकिर्दीत वस्ती गडावरून उतारावर पसरली. वर छंग, खाली शर्. मंगळवार, शनिवार, गुरुवार या वारांच्या पेठा, त्यांच्या जोडीला चिमणपुरा, व्यंकटपुरा, प्रतापगंज, सदर बझार, पोवई नाका ही नावे पाहिली, म्हणजे पेठ, पुरा, गंज, बझार आणि नाका या मराठीच्या स्वतःच्या विटा हाती येतात. सांगलीची गोष्ट शंभर वर्षांनी तशीच घडली. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले, त्यांनी सांगली ही राजधानी केली व गणेशदुर्ग बांधला. आणि दुर्गाच्या आसऱ्याने गणपती पेठ, कापडपेठ, वखारभाग अशी बाजाराची अंगे वाढत गेली. सांगलीची हळद देशभर गेली ती या दुसऱ्या चिन्हाच्या, म्हणजे शर्-च्या बळावर.

(वारांच्या पेठांचे चिनी भाषांतर मात्र फारच कोरडे होईल. चिनीत वारांना ग्रहांची नावे नाहीत, अनुक्रमांक आहेत. सोमवार हा 'आठवडा-एक' आणि मंगळवार 'आठवडा-दोन'. मंगळवार पेठ ही 'आठवडा-दोन पेठ' झाली, तर तिथल्या जुन्या रहिवाशांना ते कितपत रुचेल, याचा विचार केलेला बरा.)

आज शर् हे चिन्ह राज्यकारभारात 'शहर' या अर्थाने एकटेच वापरले जाते, आणि इथे मराठी वाचकाची हटकून चूक होते. पुष्कळ चिनी शर्-च्या हद्दीत शेते, डोंगर, तालुक्याएवढे 'श्येन' आणि शेकडो खेडी येतात. म्हणजे ते आपल्या जिल्ह्यासारखे असते. त्या हिशेबाने सातारा शर्-मध्ये कऱ्हाड, वाई, फलटण आणि महाबळेश्वरही येईल. अमुक चिनी शहराची लोकसंख्या इतके लाख, अशी बातमी वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

दिशांनी शहरे ओळखण्याची चिनी सवयही या भागाला परकी नाही. पेइ म्हणजे उत्तर, नान म्हणजे दक्षिण, चिंग म्हणजे राजधानी. त्यावरून उत्तर-राजधानी पेइ-चिंग आणि दक्षिण-राजधानी नान-चिंग. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यापासून तोडून जो नवा जिल्हा केला, त्याचे नाव 'दक्षिण सातारा' असेच होते, आणि १९६० मध्ये ते बदलून सांगली झाले. सांगलीकर अकरा वर्षे नान-चिंगकरांच्या पंक्तीला बसले होते, असे म्हणायला हरकत नाही.

३. वाड्यात काय काय मावते

चिनी शहराच्या पाट्यांवर सर्वांत जास्त भेटणाऱ्या चिन्हांपैकी एक म्हणजे उतरत्या सुराचे 'युआन'. चारही बाजूंनी बांधकाम आणि मध्ये मोकळे अंगण, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत त्याला 'वाडा' यापेक्षा जवळचा शब्द नाही. या एका विटेआधी दुसरी कोणती वीट लावली, त्यावर संस्था ठरते. यी म्हणजे उपचार, म्हणून 'यी-युआन' म्हणजे रुग्णालय. फा म्हणजे कायदा, म्हणून 'फा-युआन' म्हणजे न्यायालय. च्यु म्हणजे नाटक, म्हणून 'च्यु-युआन' म्हणजे नाट्यगृह. त्येन म्हणजे वीज आणि यिंग म्हणजे सावली, म्हणून 'त्येन-यिंग' म्हणजे विजेची सावली अर्थात चित्रपट, आणि 'त्येन-यिंग-युआन' म्हणजे चित्रपटगृह. श्युए म्हणजे शिकणे, म्हणून 'श्युए-युआन' म्हणजे महाविद्यालय.

न्यायालय, शाळा आणि दवाखाना यांना एकाच वाड्यात कोंबणे वरवर विचित्र दिसते. साताऱ्यात मात्र 'अदालतवाडा' नावाची वास्तू आहे, आणि हे नाव फा-युआनचे जवळजवळ शब्दशः मराठी रूप आहे: न्याय अधिक वाडा. तिथून राजवाड्याकडे गेले तर शाळेचाही पुरावा मिळतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव ज्या सरकारी शाळेच्या पटावर चढले, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल या राजवाड्यातच भरत असे, आणि त्या प्रवेशाचा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. राजाने राहण्यासाठी बांधलेल्या वाड्यात मुले शिकू लागली, न्याय मागायला लोक वाड्यातच गेले. हे प्रत्यक्ष घडले, पण मराठीने संस्थेचे नाव ठरवताना वाडा सोडून दिला व 'आलय' आणि 'शाळा' या संस्कृत विटा घेतल्या. चिनीने वाडा हातचा जाऊ दिला नाही, एवढाच फरक.

नाट्यगृहाचे नाव याहून रंजक आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले आणि मराठी रंगभूमीचा उगम तेथे मानला जातो. त्यांच्या नावाचे नाट्यगृह सांगलीत आहे, त्याला म्हणतात नाट्यमंदिर. चिनी माणूस नाटक वाड्यात नेतो, मराठी माणूस देवळात. पण 'मंदिर' याचा संस्कृतातील जुना अर्थ केवळ घर असा आहे, देऊळ हा अर्थ मागाहून रूढ झाला. चिनीत नेमके असेच एक चिन्ह आहे: 'स्स' असे काहीसे उच्चारले जाणारे हे चिन्ह मुळात सरकारी कचेरीचे होते, बौद्ध भिक्षू चीनमध्ये आल्यावर त्यांच्या विहारांना ते नाव मिळाले आणि आज त्याचा अर्थ बौद्ध मठ असाच होतो. एका भाषेत घराचे देऊळ झाले, दुसरीत कचेरीचे.

दवाखान्यापुरते बोलायचे तर मिरज सोडून पुढे जाता येत नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभे केले, पुढे मिरज वैद्यकीय उपचारांसाठी दूरवर प्रसिद्ध झाली आणि सांगली-मिरज रस्त्यावर 'वानलेसवाडी' हे नावही रुळले. परदेशी डॉक्टराच्या आडनावाला 'वाडी' ही देशी वीट जोडून ठिकाण तयार करणे हे अगदी चिनी पद्धतीचे काम आहे. 'दवाखाना' हा शब्दही तसाच: दवा अरबी, खाना फारसी, आणि उच्चार ठार मराठी.

४. चांदीची ओळ, आगीची गाडी

बँकेला चिनीत 'यिन-हांग' म्हणतात. यिन म्हणजे चांदी, आणि हांग म्हणजे ओळ. एकाच धंद्याची दुकाने एका ओळीत असत, म्हणून धंदा किंवा पेढी असाही त्याचा अर्थ झाला. हेच चिन्ह 'शिंग' असे वाचले की चालणे, निघणे असा अर्थ होतो. एका चिन्हाची दोन वाचने असण्याचा हा नेहमी दिला जाणारा नमुना आहे. चांदीची ओळ पाहायची तर सांगलीच्या सराफ कट्ट्यावर जावे. मराठीला 'सराफ कट्टा' किंवा 'पेढी' यांपासून बँकेसाठी शब्द सहज घडवता आला असता, तसे झाले नाही, आणि १९१६ मध्ये स्थापन झालेली सांगली बँक आणि १९३६ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक या दोन्ही घरच्याच संस्थांनी इंग्रजी नाव घेतले. पहिली २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत आणि दुसरी २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. त्यांची नावे आज ठेवीदारांच्या जुन्या पासबुकांवर सापडतात, 'बँक' हा शब्द मात्र कायमचा राहिला.

रेल्वेच्या बाबतीत दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती केली. हुओ म्हणजे आग, छ म्हणजे गाडी: 'हुओ-छ', अर्थात आगगाडी. इंजिनातून आग आणि धूर निघताना पाहून मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला १८५३ नंतर जे सुचले, तेच चिनी माणसालाही सुचले. मराठीतील आगगाडी आता लहान मुलांच्या पुस्तकांपुरती उरली आहे. चिनीत मात्र विजेवर धावणारी गाडीही आजतागायत हुओ-छ आहे आणि आग विझून गेल्याची तक्रार कोणी करीत नाही.

गाडी थांबते ते 'चान'. या चिन्हाचा अर्थ उभे राहणे; 'स्थानक'मधील 'स्था' आणि इंग्रजी 'स्टेशन'चे लॅटिन मूळ यांचाही अर्थ उभे राहणेच. मात्र चिनी चानची गंमत अशी की टप्पा या अर्थाने तो शब्द मंगोल राजवटीत आला, घोडेस्वार डाकवाल्यांच्या चौक्यांना मंगोल भाषेत जो शब्द होता त्याचा उच्चार या चिन्हाने लिहिला गेला. म्हणजे आपल्याच विटांनी घर बांधण्याचा लौकिक असलेली ही भाषा अधूनमधून परक्याची वीटही रंग देऊन वापरते. 'हुओ-छ-चान' म्हणजे आग, गाडी, थांबा. रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एके काळी मिरज जंक्शनात एकत्र येत. तिथल्या स्टेशन मास्तरला चिनीत 'चान-चांग', थांब्याचा प्रमुख, म्हटले असते.

आणखी एक वीट फक्त सांगून पुढे जाता येईल. 'कुआन' म्हणजे दालन: चित्र-पुस्तक-दालन 'थू-शू-कुआन' हे ग्रंथालय, पुष्कळ-वस्तू-दालन 'पो-वू-कुआन' हे वस्तुसंग्रहालय, जसे औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय, आणि 'छा-कुआन' म्हणजे चहाचे दालन. यातील 'छा' हा शब्द फार पूर्वीच साताऱ्याच्या प्रत्येक घरात पोहोचला आहे, कारण मराठी 'चहा'चे मूळ तेच आहे.

५. माणसे : चांग, युआन, शर् आणि नीस

संस्था कळल्या की तेथील माणसांची नावे आपोआप सुटतात. शेवटी 'चांग' लावले की प्रमुख होतो: शाळेचा प्रमुख 'श्याओ-चांग', वाड्याचा, म्हणजे रुग्णालयाचा किंवा न्यायालयाचा, प्रमुख 'युआन-चांग', आणि शहराचा प्रमुख 'शर्-चांग'. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेला महापौर असतो आणि सातारा नगरपालिकेला नगराध्यक्ष. चिनी शब्दाला हा दर्जाचा फरक दिसत नाही, दोघेही शर्-चांगच. चढत्या सुराचे 'युआन' लावले की कर्मचारी होतो: दुकानातला 'त्येन-युआन', आणि विकणे-तिकीट-कर्मचारी अशा तीन विटांचा 'शोऊ-फ्याओ-युआन' म्हणजे बसचा कंडक्टर. कसब शिकवणाऱ्या किंवा कसबावर जगणाऱ्याला पहिल्या, सपाट सुराचे 'शर्' लागते: शिक्षक 'लाओ-शर्', वकील 'ल्यु-शर्'. विशेष व्यासंगी माणसाला 'च्या', म्हणजे घर, लावतात: लेखक 'च़ुओ-च्या', चित्रकार 'हुआ-च्या'. संगीतात जसे घराणे, तशी ही कल्पना.

मराठीचे जुने कोठार याबाबतीत चिनीइतकेच भरलेले आहे. 'दार' म्हणजे धारण करणारा: किल्लेदार, फौजदार, तहसीलदार, हवालदार. 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा: फडाचा लेखक फडणीस, चिट्ठीचा चिटणीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा पोतनीस. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर मंत्र्यांची नावे संस्कृतात आली, सुरनीसाचा सचिव झाला आणि वाकनीसाचा मंत्री झाला, आणि रघुनाथ पंडितांच्या 'राजव्यवहारकोशा'त फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीने हेच काम इंग्रजी शब्दांवरही केले, आणि 'महापौर' हा शब्द त्यातूनच रुळला. चीनच्या वाट्याला असे आयते पर्याय जपानकडून आले: ग्रंथालयाचा थू-शू-कुआन आणि पोलिसाचा 'चिंग-छा' हे आधुनिक अर्थाने जपानमध्ये चिनी चिन्हांनीच घडले आणि नंतर चीनमध्ये स्थिरावले. मराठी, बंगाली, कानडी या सगळ्या जशा संस्कृतच्या खाणीतून दगड काढतात, तशी चीन-जपानची खाण जुन्या चिनीची आहे.

मराठीच्या 'नीस' विटा कचेऱ्यांतून निघाल्या तरी टाकल्या गेल्या नाहीत, त्या आडनावांत जाऊन बसल्या. साताऱ्याच्या कोणत्याही शाळेच्या हजेरीपटात अठराव्या शतकातील अर्धी कचेरी आजही हजेरी लावते.

६. हाक कशी मारावी

पदनाम माहीत असणे वेगळे आणि हाक मारणे वेगळे. तिकीट देणाऱ्याला कोणी 'अहो वाहक' म्हणत नाही, 'कंडक्टर मामा' म्हणतात, आणि चौकातल्या पोलिसालाही मामाच म्हणतात. चिनी मूल पोलिसाला 'चिंग-छा शू-शू' म्हणते, आणि शू-शू म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. आईच्या भावाला चिनीत वेगळा शब्द आहे, 'च्योऊ-च्योऊ', पण तो पोलिसाच्या वाट्याला आला नाही. म्हणजे तिथे पोलीस काका, इथे पोलीस मामा; हा फरक दोन्ही भाषांत नात्यांचे शब्द बारकाईने वेगळे असल्यामुळेच सांगता येतो, इंग्रजीत तो सांगताही आला नसता.

मावशीच्या बाबतीत मात्र तंतोतंत जुळते. 'आ-यी' म्हणजे आईची बहीण, आणि चिनी घरांत धुणीभांडी किंवा मुले सांभाळण्यासाठी येणाऱ्या बाईला हीच हाक असते. सांगलीच्या घराघरांत आणि मिरजेच्या दवाखान्यांत 'मावशी' हा शब्द ज्या स्वरात ऐकू येतो, त्याच स्वरात तो तिथे ऐकू येतो. रिक्षावाला, सुतार, प्लंबर यांना 'शर्-फु' म्हणावे. आपल्याकडचा 'मिस्त्री' आणि 'उस्ताद' यांच्या मधला हा शब्द आहे.

७. मोठ्याकडून लहानाकडे

पत्ता लिहिताना मराठी माणूस घरापासून निघतो: घर क्रमांक ५, मंगळवार पेठ, सातारा, महाराष्ट्र. चिनी पत्ता उलटा चालतो: महाराष्ट्र, सातारा, मंगळवार पेठ, क्रमांक ५. प्रांत, शर्, मग 'छ्यु' म्हणजे विभाग, मग 'लू' म्हणजे रस्ता, आणि सगळ्यांत शेवटी 'हाओ' म्हणजे क्रमांक. माणसाच्या नावालाही हाच नियम लागू आहे, आडनाव आधी. मराठी मतदार यादीत आणि शाळेच्या पटात बहुधा असते तसेच.

या नियमाचे सर्वांत चांगले उदाहरण सांगलीपासून फार दूर नसलेल्या सोलापूरचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करीत तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, वारले. त्यांचे चिनी नाव 'ख ती-हुआ'. पहिले चिन्ह 'ख' हे आडनाव, कोटणीसमधल्या 'को'च्या जवळचे. शेवटचे 'हुआ' हे चीनचेच नाव. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, म्हणजे पदाने युआन-चांग. पण रुग्ण डॉक्टरला हाक मारताना आडनावापुढे 'ताय-फु' म्हणतात. ही दोन चिन्हे 'ता-फू' अशी वाचली तर तो प्राचीन चिनी दरबारातील एक हुद्दा होतो. पुढे राजवैद्यांना तो हुद्दा मिळू लागला आणि उत्तर चीनमध्ये थोड्या वेगळ्या उच्चाराने त्याचा अर्थ 'डॉक्टर' असा झाला. कोटणीस हाही हुद्दाच: कोट म्हणजे तट, नीस म्हणजे लिहिणारा. 'ख ताय-फु' या हाकेच्या पहिल्या अर्ध्यात एका मराठी गडावरचा कारकून होता आणि दुसऱ्या अर्ध्यात चिनी दरबारातला मानकरी.